दोन तासांचे किती?

यंत्रांशी माझा संबंध घरातला पंखा बंद पडला की वायरमनला हाक मारण्यापुरता. बी.ए. झालो, कविता लिहीत राहिलो. त्यामुळे इंजिनिअरिंग सेवेचा व्यवसाय कसा सुरू करावा यावर मी बोलणार आहे, हे ऐकून सगळ्यात आधी माझा भाचाच हसला. पण त्याच्याच व्यवसायाची कोटेशनं, पत्रं आणि थकलेल्या बिलांचे तगादे गेली पाच वर्षं मी लिहून देतो आहे. यंत्र कळलं नसेल, तगादा मात्र चांगला कळला आहे.

भाचा मेकॅनिकल डिप्लोमा झालेला. एका कारखान्याच्या मेंटेनन्स खात्यात त्याने ९ वर्षं काढली. मग नोकरी सोडून तो साखर कारखान्यांतल्या मोठ्या पंख्यांचं 'बॅलन्सिंग' करू लागला. हे काम काय असतं, ते आधी सांगतो. साखर कारखान्याच्या बॉयलरमधला धूर ओढून चिमणीकडे ढकलणारा एक प्रचंड पंखा असतो. त्याला आयडी फॅन म्हणतात. बगॅसच्या राखेने त्याची पाती झिजतात, काही ठिकाणी राख चिकटून बसते. एका बाजूला वजन जास्त झालं की पंखा थरथरू लागतो, आणि ही थरथर वाढली की बेअरिंग जातं. बेअरिंग गेलं की बॉयलर बंद, बॉयलर बंद की गाळप बंद, आणि बाहेर उसाच्या गाड्यांची रांग.

टायरच्या दुकानात चाकाला शिशाचा तुकडा लावून तोल साधतात, ते आपण पाहिलेलं असतं. तत्त्व तेच, फक्त इथे पंखा काढून न्यायचा नसतो, जागेवरच काम करायचं असतं. पंखा फिरवून थरथर किती आणि पात्याच्या कोणत्या कोनावर आहे, ते यंत्राने मोजायचं. पंखा थांबवून एक चाचणीचं वजन लावायचं आणि पुन्हा मोजायचं. या दोन मोजण्यांतल्या फरकावरून खरं वजन किती आणि कुठे हवं याचा हिशेब निघतो. तेवढी लोखंडी पट्टी तिथे वेल्ड केली की सेकंदाला ११ मिलिमीटरची थरथर २ वर येते. पट्टी असते कधी कधी पाव किलोचीही नाही.

पहिल्याच कामाला असं घडलं. दोन तासांत पंखा शांत झाला. साहेब खूश. भाच्याने बिल पुढे केलं तशी साहेबांच्या कपाळावर आठी. "दोन तासांचे एवढे? आणि लावलंत काय, तर एक पट्टी!" बिल होतं २,५०० रुपयांचं. भाच्याने मान खाली घालून ५०० कमी केले आणि रात्री माझ्याकडे येऊन म्हणाला, "मामू, मी जास्त सांगितले का?"

आम्ही कागद घेऊन बसलो. २,५०० हा आकडा आला कुठून? नोकरीत पगार ४० हजार होता. २६ दिवसांनी भागलं तर दिवसाला दीड हजार, त्यात थोडे वाढवले. नोकरी सोडून आलेले बहुतेक जण इथेच फसतात. पगारी माणसाला बसल्या दिवसाचेही पैसे मिळतात, सेवा देणाऱ्याला मिळत नाहीत.

मग उलटीकडून मांडलं. घरखर्च वर्षाला ४ लाख ८० हजार. मदतनिसाचे १ लाख ८० हजार. गाडी आणि डिझेल १ लाख २० हजार. मोजणीचं यंत्र ५ लाखांचं. ते ५ वर्षं चालेल असं धरलं, तर त्याची झीज वर्षाला १ लाख. यंत्राचं कॅलिब्रेशन, फोन, विमा, हिशेबनीस मिळून ६० हजार. एकूण ९ लाख ४० हजार. रविवार आणि सणवार वगळून वर्षात साधारण ३०० दिवस हाती राहतात. पण कोटेशनसाठी हेलपाटे, अहवाल लिहिणं, बिलामागे फिरणं यात निम्म्याहून जास्त दिवस जातात. ज्याचे पैसे लावता येतील असे दिवस फार तर १४०. भागाकार केला तर एका दिवसाला ६,७०० रुपये. आणि यात नफा एक पैसाही धरलेला नाही! भाचा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत बसला.

दोन तासांचे पैसे मागायचे नसतात, हे त्या रात्री आम्हा दोघांनाही समजलं. कारखाना बंद पडला नाही, त्याचे पैसे असतात. पण हे तोंडी सांगून भागत नाही, कागदावर दिसावं लागतं. म्हणून त्याच्या कोटेशनचा मसुदा मी नव्याने लिहिला. आयुष्यभर शब्द कापण्याचं काम केलं, ते इथे उपयोगी पडलं. आधी तो लिहायचा, 'पंख्याची थरथर पूर्णपणे दूर करून देऊ.' एका ठिकाणी बेअरिंगच गेलेलं होतं. वजन लावून थरथर कशी जाणार? कारखाना म्हणाला, तुम्ही लिहून दिलंत. पैसे बुडाले. आता त्यात काय करणार हे जितकं आहे, तितकंच काय करणार नाही हेही आहे: बेअरिंग, शाफ्ट, पाया यांतले दोष या कामात धरलेले नाहीत, ते आढळल्यास लेखी कळवू. वेल्डर आणि क्रेन कारखान्याने द्यायची. पंखा वेळेवर थांबवून मिळाला नाही, तर थांबल्या दिवसाचे पैसे वेगळे. कामानंतर एक पानाचा अहवाल: आधीची थरथर, नंतरची थरथर, पुढे कधी तपासावं. साहेब बदलतात, फाइलमधला हा कागद राहतो, आणि पुढचं बोलावणं बहुधा त्यावरूनच येतं.

जाता जाता सांगतो, आमच्या मिरजेच्या सतारमेकरांची कथा थोडी अशीच आहे. एकोणिसाव्या शतकात हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांचं काम कमी झालं आणि ते तंतुवाद्यांच्या दुरुस्तीकडे वळले. फरीदसाहेब शिकलगार आणि त्यांच्या घरातल्यांनी दुरुस्ती करता करता वाद्यंच घडवायला घेतली. दुसऱ्याच्या वस्तूतला दोष ओळखणं हीच त्यांची शाळा.

भांडवलाचं थोडक्यात. २०१५ साली सुरू झालेल्या मुद्रा योजनेत तारण न देता कर्ज मिळतं. पण यंत्रासाठी मिळालेलं कर्ज घर चालवायला पुरत नाही. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला ठेवल्याशिवाय राजीनामा देऊ नये, असं मी कुणालाही सांगेन. पहिलं वर्ष यंत्र भाड्याने मिळत असेल, तर विकतही घेऊ नये.

खरी कसोटी काम संपल्यावर असते. पहिल्या हंगामात एका मोठ्या गिऱ्हाइकाने ८० हजारांचं बिल सात महिने ठेवलं. तांत्रिक सेवेवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे १४,४०० रुपये. हा कर बिल केल्याबरोबर लागू होतो, पैसे आल्यावर नव्हे. म्हणजे गिऱ्हाइकाने न दिलेला कर भाच्याने पदरचा भरला. सेवेच्या धंद्यात वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल, तर जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण कारखाने नोंदणीवाल्यालाच काम देणं पसंत करतात, म्हणून ती घ्यावी लागते.

या बाबतीत कायदा लहान माणसाच्या बाजूचा आहे, हे अनेकांना ठाऊक नसतं. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायद्यानुसार सूक्ष्म किंवा लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत, करार नसेल तर १५ दिवसांत द्यायचे असतात. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज. दाद मागायला सुविधा परिषद आहे. यासाठी 'उद्यम' नोंदणी आधीच करून ठेवावी. २०२० पासून ती इंटरनेटवर होते, फुकट होते, एजंटाला पैसे देण्याचं कारण नाही. पण व्यवहार बघा. ज्याच्याकडून निम्मं काम येतं, त्याच्याविरुद्ध परिषदेकडे कोण जाईल? भाचाही गेला नाही. कायदा पुस्तकात राहिला आणि मी तगाद्याची पत्रं लिहीत राहिलो, प्रत्येक पत्र आधीच्याहून अधिक नम्र. त्या पत्रांची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर दोन गोष्टींनी फरक पडला. २०२३ च्या वित्त कायद्याने प्राप्तिकरात एक तरतूद आली आणि २०२३-२४ च्या हिशेबापासून ती लागू झाली. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे ठरल्या मुदतीत दिले नाहीत, तर देणाऱ्याला तो खर्च ते प्रत्यक्ष देईपर्यंत वजा मिळत नाही. त्यामुळे गिऱ्हाइकाचा हिशेबनीसच विचारू लागला, तुमचा उद्यम नंबर काय? आता तो नंबर आणि मुदतीची तारीख प्रत्येक बिलावर ठळक छापलेली असते.

दुसरी गोष्ट आम्ही केली. कुणा एकाकडून एक तृतीयांशापेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. तसाही साखरेचा हंगाम संपला की घरी बसावं लागे. मग तासगावकडची बेदाण्याची कोल्ड स्टोअरेज, इचलकरंजीच्या सूतगिरण्या, कोल्हापूरच्या फाउंड्र्या अशी गिऱ्हाइकं जोडत गेलो. पंखा, ब्लोअर, पंप, कॉम्प्रेसर, फिरणारं काहीतरी सगळीकडेच असतं. यात दोन वर्षं गेली आणि त्या दोन वर्षांत आपाने, म्हणजे माझ्या बहिणीने, शिवणयंत्रावर घर ओढलं. वरच्या ९ लाख ४० हजारांच्या हिशेबात तिचं नाव कुठेच नाही, हे मला फार उशिरा लक्षात आलं.

सात महिने थकलेलं ते बिल शेवटी मिळालं, व्याजाशिवाय. त्या गिऱ्हाइकाचं काम भाच्याने सोडलं नाही. फक्त आता निम्मी रक्कम आगाऊ आल्याशिवाय तो गाडी बाहेर काढत नाही.

गेल्या हंगामाच्या सुरुवातीला एका रात्री तो माझ्याकडे जेवायला होता. साडेनऊला फोन आला. पंखा थरथरतोय, किती घ्याल? त्याने आकडा सांगितला आणि गप्प राहिला. पूर्वी या गप्पपणात तो स्वतःहून हजार-पाचशे कमी करायचा. मी ताटावरून त्याच्याकडे बघत होतो. बऱ्याच वेळाने पलीकडून आवाज आला, "बरं, किती वाजेपर्यंत पोहोचाल?"

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)