मनगटावरील पासबुक

नोव्हेंबर महिना उजाडला की बँकेच्या शाखांमध्ये निवृत्तिवेतनधारकांची वर्दळ वाढते. हयातीचा दाखला द्यावयाचा असतो. १० नोव्हेंबर २०१४ रोजी ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सुविधा सुरू झाली आणि ज्यांना शाखेपर्यंत येणे जड जाते, त्यांना हा दाखला घरबसल्या देणे शक्य झाले. तरीही अनेक ज्येष्ठ मंडळी आवर्जून शाखेत येतात, ओळखीच्या कर्मचाऱ्याची विचारपूस करतात, पासबुक भरून घेतात. अलीकडे त्यांच्यापैकी काहींच्या मनगटावर एक काळा पट्टा दिसू लागला आहे; मुलाने किंवा नातीने वाढदिवसाला दिलेला. वर्षातून एकदा द्यावयाची हयातीची साक्ष हा पट्टा अहोरात्र देत असतो. ती साक्ष वाचावी कशी, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार भारतात ६० वर्षे व त्यावरील व्यक्तींची संख्या सुमारे १० कोटी ३८ लाख होती. २०५० पर्यंत दर पाच भारतीयांमागे एक जण ज्येष्ठ असेल, असा अंदाज आहे. मुले नोकरीनिमित्त परगावी किंवा परदेशी आणि आईवडील दोघेच घरी, हे चित्र इंदूर-बडोद्यापासून पुणे-नागपूरपर्यंत सर्वत्र दिसते. अशा घरांत या छोट्याशा उपकरणाकडून मोठ्या अपेक्षा बाळगल्या जातात. त्यांतील कोणत्या रास्त आणि कोणत्या अवास्तव, हे जाणून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

पाठीवरून मनगटावर

हिंडत्याफिरत्या माणसाच्या हृदयाचा आलेख टिपण्याची कल्पना नवी नाही. अमेरिकेतील मोंटाना राज्याचे शास्त्रज्ञ नॉर्मन होल्टर यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस असे यंत्र तयार केले. त्याचे वजन सुमारे ३८ किलो होते आणि ते पाठीवर वाहून न्यावे लागे! आजच्या घड्याळाच्या मागील बाजूस हिरवा प्रकाश लुकलुकतो. रक्त हा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्यागणिक मनगटातील रक्ताचे प्रमाण बदलते आणि परत येणाऱ्या प्रकाशातील फरकावरून नाडीचे ठोके मोजले जातात. हालचाल ओळखणारा एक सूक्ष्म संवेदक पावले मोजतो. पट्टा सैल असेल किंवा मनगटावर गडद गोंदण असेल, तर या मोजणीत चूक होऊ शकते. आजीबाईंच्या हातावर गोंदण असल्यास दुसऱ्या मनगटावर घड्याळ बांधून पाहणे हिताचे.

दहा हजारांचे ओझे

रोज १०,००० पावले चाललीच पाहिजेत, या समजापायी अनेक ज्येष्ठ स्वतःला अपराधी मानतात. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून आलेला नाही. टोकियो ऑलिंपिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये ‘मानपो-केई’ नावाचे पावले मोजण्याचे यंत्र विक्रीस आले. या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असा होतो आणि तेथूनच हा आकडा जगभर रुजला. २०१९ मध्ये अमेरिकेत सरासरी ७२ वर्षे वयाच्या १६,७४१ स्त्रियांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दिवसाला सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांच्या तुलनेत सुमारे ४,४०० पावले चालणाऱ्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण ४१ टक्क्यांनी कमी आढळले. सुमारे ७,५०० पावलांनंतर अधिक लाभ दिसला नाही. काल दोन हजार पावले झाली असतील, तर पुढील काही आठवड्यांत अडीच हजारांवर जाणे, एवढे उद्दिष्टही पुरेसे आहे.

इशारा म्हणजे निदान नव्हे

वाढत्या वयात हृदयाची लय बिघडून ते अनियमित धडधडू लागण्याची शक्यता वाढते. या विकारात हृदयात रक्ताची गुठळी तयार होऊन पक्षाघाताचा धोका सुमारे पाचपट होतो. कित्येकांना त्याची जाणीवही नसते. घड्याळाला हे ओळखता येते का, हे पाहण्यासाठी ॲपल कंपनीच्या घड्याळावर झालेल्या अभ्यासात ४,१९,२९७ व्यक्ती सहभागी झाल्या. त्याचे निष्कर्ष २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. अनियमित नाडीचा इशारा केवळ ०.५२ टक्के व्यक्तींना मिळाला. त्यांच्यापैकी ज्यांनी नंतर छातीवर आलेखाची पट्टी लावून ती तपासणीसाठी परत पाठविली, त्या ४५० जणांपैकी ३४ टक्के व्यक्तींमध्ये हा विकार दिसला. तो अधूनमधून डोके वर काढत असल्याने पट्टी लावली त्या दिवसांत तो हुलकावणी देऊ शकतो. म्हणून इशारा आल्यास घाबरू नये, पण दुर्लक्षही करू नये; डॉक्टरांकडे जाऊन आलेख काढून घ्यावा. आणि इशारा नाही म्हणून छातीत दुखत असताना स्वस्थ बसणे, हे तर सर्वांत घातक.

पडल्यावर कोण धावेल?

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे ६,८४,००० माणसे पडल्यामुळे दगावतात आणि त्यांत साठीपुढील व्यक्तींचे प्रमाण सर्वाधिक असते. काही घड्याळे जोरात पडल्याचे ओळखतात आणि माणूस हालचाल करीत नसल्यास ठरवून दिलेल्या क्रमांकांवर संदेश पाठवितात. परंतु खुर्चीवरून हळूच घसरून पडणे त्यांच्या लक्षात येईलच असे नाही. बहुतेक घड्याळांना जवळ मोबाइल आणि त्याला नेटवर्क लागते. रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना तोल जातो, नेमके तेव्हाच घड्याळ चार्जिंगला लावलेले असते. ते सकाळी वर्तमानपत्र वाचताना चार्ज करण्याची सवय लावावी. आणि संपर्क क्रमांकांत परदेशातील मुलाआधी शेजाऱ्यांचा क्रमांक असावा, कारण दार उघडायला तेच प्रथम पोहोचणार आहेत. घराची एक किल्ली त्यांच्याकडे ठेवलेली बरी.

येथे विश्वास नको

सुई न टोचता रक्तातील साखर सांगणारे घड्याळ, अशा जाहिराती आकर्षक असतात. परंतु अशा कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये दिला. चुकीच्या आकड्यावर विसंबून इन्सुलिनची मात्रा घेतल्यास जिवावर बेतू शकते. दंडाला किंवा पोटाला लावावयाचा, त्वचेखाली बारीक तंतू जाणारा संवेदक निराळा. तो डॉक्टरांच्या सल्ल्याने वापरता येतो. रक्तदाबासाठी दंडाला पट्टा गुंडाळण्याचे यंत्रच भरवशाचे. पेसमेकर बसविलेल्यांनी घड्याळ व मोबाइल छातीपासून किमान १५ सेंटिमीटर दूर ठेवावा.

नोंदी वाचण्याची रीत

पासबुकातील एका नोंदीवरून खातेदाराची स्थिती कळत नाही. काही महिन्यांची पाने चाळावी लागतात. मनगटावरील नोंदींचेही तसेच आहे. एका रात्रीची अपुरी झोप किंवा एका दुपारची वाढलेली नाडी फारसे काही सांगत नाही. पण विश्रांतीच्या वेळची नाडी दोन आठवडे नेहमीपेक्षा वर राहिली, रोजची फेरी हळूहळू आखडत गेली, तर शरीर काहीतरी सांगत आहे, असे समजावे. हा कल कागदावर उतरवून डॉक्टरांना दाखविला, तर दहा मिनिटांच्या तपासणीतही त्यांना बरेच उमगते.

या नोंदी कोणी पाहाव्यात, हे ठरविण्याचा अधिकार ज्याच्या मनगटावर पट्टा आहे त्याचाच. एटीएमचा पिन आपण कोणास सांगत नाही, तितकीच दक्षता घड्याळाच्या ॲपला परवानग्या देतानाही घ्यावी. मुलांनीही आईवडिलांची पावले दुरून मोजत बसण्यापेक्षा, ती कमी का झाली हे फोन करून विचारावे. कदाचित गुडघा दुखत असेल. कदाचित रोज सोबत फिरायला येणारा मित्र आता नसेल. हे दुसरे कारण कोणत्याही संवेदकाला टिपता येत नाही. ज्यांना विचारणारे कोणी नाही, त्यांच्यासाठी ज्येष्ठ नागरिकांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ हा क्रमांक जवळ असावा.

येत्या नोव्हेंबरमध्ये हयातीचा दाखला देण्यासाठी आलेल्या एखाद्या आजोबांच्या मनगटावर असा पट्टा दिसला, तर काउंटरवरील कर्मचाऱ्याने सहज विचारावे, “सध्या फिरणे कसे चालले आहे?” आकडा सांगता सांगता आजोबा बरेच काही सांगून जातील.