आंतरजालावरील बनावट व्यक्तिरेखा : प्रेरणा आणि परिणाम

प्रस्तावना :
माणूस समाजात वावरताना प्रसंगानुरूप स्वतःला सादर करीत असतो, हा विचार समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९५० च्या दशकात मांडला. प्रत्यक्ष भेटीत या सादरीकरणाला देह, आवाज आणि परिचितांची मर्यादा असते. आंतरजालावर ती जवळजवळ नाहीशी होते. अशी व्यक्तिरेखा का रचली जाते आणि ती उघडकीस आल्यावर हानी कोणाची होते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

प्रेरणा :
आर्थिक लाभ ही एकमेव प्रेरणा नसते. आजारपणाची खोटी कहाणी सांगून सहानुभूती मिळविण्याच्या प्रकाराला अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ मार्क फेल्डमन यांनी २००० मध्ये 'मुंचाउसेन बाय इंटरनेट' हे नाव दिले. अधिकारवाणीने बोलता यावे, ही आणखी एक प्रेरणा होय. २०११ मध्ये दमास्कसमधील 'अमीना' या समलिंगी तरुणीची अनुदिनी जगभर वाचली गेली. तिचा लेखक टॉम मॅकमास्टर हा एडिंबरा येथे शिकणारा अमेरिकी पुरुष होता. मध्यपूर्वेविषयीची आपली मते स्वतःच्या नावाने मांडल्यास गांभीर्याने घेतली जात नाहीत, असे कारण त्याने दिले.

परिणाम :
६ जून २०११ रोजी अमीनाचे अपहरण झाल्याचे अनुदिनीवर जाहीर झाले आणि तिच्या सुटकेसाठी मोहीम उभी राहिली. दोनच दिवसांत तिचे म्हणून प्रसिद्ध झालेले छायाचित्र लंडनमधील एका अनभिज्ञ स्त्रीचे असल्याचे समजले. १२ जूनला मॅकमास्टरने कबुली दिली. त्याची नाचक्की झाली. परंतु खरी झळ इतरांना बसली. समलिंगी संबंध कायद्याने गुन्हा असलेल्या सीरियातील कार्यकर्त्यांनी, या प्रकाराने आपला जीव धोक्यात आल्याचे सांगितले. खऱ्या अटकेच्या वार्तांवरही संशय घेण्यास यामुळे वाव मिळाला.

भारतात माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ डी नुसार संगणकीय साधनाद्वारे तोतयेगिरी करून फसवणूक केल्यास ३ वर्षांपर्यंत कारावास व १ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. तथापि शिक्षेने अपराध्याचा हिशेब होतो. गमावलेला विश्वास परत येत नाही.

निष्कर्ष :
बनावट व्यक्तिरेखा उघड करणे आवश्यकच आहे. मात्र ते पुराव्यानिशी आणि निरपराध व्यक्तींची ओळख जपून व्हावे. एका 'अमीना'च्या खोटेपणामुळे खऱ्या पीडितांचे म्हणणे अव्हेरले जाऊ नये, हा विवेक विद्यार्थ्यांत रुजविणे हे अध्यापकांचे दायित्व ठरते.