विश्लेषण : फसलेल्या ‘टॉपर’ खेळाडूंची अदलाबदल बेसबॉल संघ का करतात?

अमेरिकेच्या मेजर लीग बेसबॉलमध्ये ११ फेब्रुवारी २०२३ रोजी एक छोटा व्यवहार झाला. मायामी मार्लिन्सने जे. जे. ब्लेडे हा फलंदाज ओकलंड ॲथलेटिक्सला दिला आणि बदल्यात ए. जे. पक हा डावखुरा पिचर घेतला. तिसरा खेळाडू नाही, एकास एक. ब्लेडे २०१९ च्या ड्राफ्टमध्ये चौथा निवडला गेला होता, तर पक २०१६ मध्ये सहावा. करारावर सही करताना ब्लेडेला ६६.७ लाख आणि पकला सुमारे ४०.७ लाख डॉलर बोनस मिळाला होता. इतका पैसा ओतलेला खेळाडू संघ दुसऱ्याच्या हवाली का करतात, आणि समोरच्याचा तसाच अर्धवट राहिलेला खेळाडू का घेतात?

ड्राफ्ट म्हणजे नेमके काय?

आपल्याला आयपीएलच्या लिलावाची सवय आहे. ड्राफ्टमध्ये बोली नसते. शाळा-कॉलेजांतून येणारे खेळाडू ३० संघ आळीपाळीने निवडतात, अशा २० फेऱ्या होतात. आधीच्या हंगामात तळाला राहिलेल्या संघांना आधी निवडायला मिळते (२०२३ पासून पहिल्या सहा जागांसाठी सोडत असते). निवडलेल्या खेळाडूला त्याच संघाशी करार करावा लागतो, नाहीतर कॉलेजात परत जायचे किंवा वाट पाहायची. इंजिनीअरिंगच्या कॅप राउंडमध्ये निदान पसंतीक्रम विद्यार्थी भरतो; इथे तो संघ भरतात.

सीईटीतल्या पर्सेंटाइलवरून तिसऱ्या वर्षाचा निकाल सांगता येत नाही, हे ज्यांनी इंजिनीअरिंग केले त्यांना वेगळे सांगायला नको. बेसबॉलमध्येही तसेच. ड्राफ्टनंतर खेळाडू थेट मोठ्या मैदानावर येत नाही, आधी मायनर लीगच्या पायऱ्या चढाव्या लागतात. कॉलेजात धातूची बॅट असते, व्यावसायिक खेळात लाकडी. पिचरचे कोपर आणि खांदे दगा देतात. २०१६ चा ड्राफ्ट पाहा. पहिला आलेला मिकी मोनियाक बरीच वर्षे चाचपडला. चौथ्या क्रमांकाच्या रायली पिंटने २०२१ मध्ये निवृत्तीच जाहीर केली, नंतर तो परतला. त्याच ड्राफ्टमध्ये विल स्मिथ ३२ वा, पीट अलोन्सो ६४ वा होता आणि शेन बीबर तर चौथ्या फेरीतला. पुढे बीबरने २०२० मध्ये सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार मिळवला.

ब्लेडे आणि पकचे काय बिनसले?

व्हँडरबिल्ट विद्यापीठाकडून खेळताना २०१९ मध्ये ब्लेडेने २७ होम रन मारले, तो त्या वर्षीचा देशातला उच्चांक होता. लगेच २०२० मध्ये करोनामुळे मायनर लीगचा अख्खा हंगाम रद्द झाला. ज्या वर्षी शिकायचे, तेच वर्ष गेले. जुलै २०२२ मध्ये तो मायामीकडून खेळू लागला, तेव्हा ६५ सामन्यांत त्याची सरासरी .१६७ राहिली. म्हणजे सहा संधींत जेमतेम एक हिट. लीगची सरासरी त्या वर्षी .२४३ होती.

पकची गोष्ट वेगळी. २०१८ मध्ये कोपराची ‘टॉमी जॉन’ शस्त्रक्रिया, २०२० मध्ये खांद्याची. सामन्याची सुरुवात करणारा पिचर म्हणून त्याला निवडले होते, ते स्वप्न मागे पडले. २०२२ मध्ये मात्र नंतर मैदानात येणारा रिलिव्हर म्हणून तो ६२ सामने खेळला आणि नऊ डावांमागे सरासरी ३.१२ धावाच दिल्या. कामाचा खेळाडू, पण ज्या कामासाठी घेतला ते काम नव्हे.

मग अदलाबदलीत विकले काय जाते?

माझ्या मते, वेळ. पदार्पणानंतर साधारण सहा हंगाम खेळाडूवर संघाचा हक्क राहतो. पहिली सुमारे तीन वर्षे पगार किमान वेतनाच्या आसपास असतो, मग लवादाच्या पद्धतीने तो वाढतो आणि सहा हंगामांनंतर खेळाडू मोकळा होतो. २०२३ मध्ये किमान वेतन ७.२ लाख डॉलर होते, आणि ब्लेडे व पक दोघेही त्याच टप्प्यात होते. त्यामुळे हा व्यवहार पैशाचा नव्हताच. पकवरचा हक्क २०२६ पर्यंत होता, ब्लेडेवरचा २०२८ पर्यंत.

आता दोन्ही संघांची घड्याळे पाहा. ओकलंड २०२२ मध्ये १०२ सामने हरला होता. पुढची दोन-तीन वर्षे जिंकण्याची आशा नसलेल्या संघाला आज चालणाऱ्या रिलिव्हरचा उपयोग काय? त्याच्याकडे होती ती रिकामी जागा. ब्लेडेला रोज खेळवा, चुकला तरी चालेल. मायामीला उलट लगेच निकाल हवा होता. बोनसचे पैसे दोघांच्याही हिशेबात नव्हते. ते केव्हाच खर्ची पडले होते. चुकलेल्या निवडीवर नऊ वर्षे अडून बसण्यापेक्षा हे शहाणपणाचे.

दुसरे कारण ‘ऑप्शन’चे. मुख्य यादीतल्या खेळाडूला ठरावीक हंगामांतच, सहसा तीन, मायनर लीगमध्ये विनाअडथळा धाडता येते. ते संपले की खाली पाठवण्याआधी त्याला इतर सर्व संघांपुढे ठेवावे लागते, आणि कोणीही त्याला उचलू शकतो. सॅन फ्रान्सिस्को जायंट्सच्या जोई बार्टवर २०२४ मध्ये हीच वेळ आली. २०१८ च्या ड्राफ्टमधला दुसरा, ७० लाखांहून अधिक डॉलर बोनस घेतलेला, बस्टर पोझीचा वारस म्हणून पाहिला गेलेला यष्टिरक्षक, म्हणजे बेसबॉलच्या भाषेत कॅचर. हंगाम सुरू होऊन आठवडा होत नाही तोच तो एका मायनर लीग पिचरच्या बदल्यात पिट्सबर्गला गेला. तिथे ८० सामन्यांत १३ होम रन. मार्च २०२५ मध्ये अटलांटाने इयान अँडरसन देऊन एंजल्सकडून होझे सुआरेझ घेतला, तेव्हा तर दोघांचेही ऑप्शन संपलेले होते.

तिसरे कारण आकड्यांचे, आणि मला सर्वांत रंजक वाटणारे. २०१५ पासून सर्व मैदानांवर स्टॅटकास्ट यंत्रणा आहे. बॅटवरून चेंडू किती वेगाने सुटला, पिचरचा चेंडू किती वळला, सगळे मोजले जाते. त्यामुळे .१६७ या सरासरीच्या आत काय दडले आहे, ते समोरचा संघही पाहू शकतो. फटका जोरदार बसतो पण थेट हातात जातो, की मुळात बॅटच उशिरा येते? पहिल्यात नशीब सुधारू शकते, दुसऱ्याला प्रशिक्षक लागतो. ‘आमच्याकडे तो दुरुस्त होईल’ हा आत्मविश्वास इथून येतो. त्याचा आदर्श म्हणजे जेक अरिएटा. तो पहिल्या फेरीतला नव्हता, पण बाल्टिमोरची मोठी आशा होता. जुलै २०१३ मध्ये कंटाळून संघाने त्याला शिकागो कब्जला दिले. २०१५ मध्ये त्याने साय यंग पटकावला आणि पुढच्याच वर्षी कब्जचा १०८ वर्षांचा विजेतेपदाचा दुष्काळ संपला. प्रत्येक व्यवस्थापकाच्या डोळ्यांपुढे एक अरिएटा असतो. बहुतेकांना तो मिळत नाही.

खेळाडूला विचारतात का?

नाही. आयपीएलच्या ट्रेड विंडोत खेळाडूची संमती लागते. मेजर लीगमध्ये बदलीला नकार देण्याचा आपोआप हक्क फक्त त्याला, ज्याची लीगमध्ये दहा वर्षे झाली आहेत आणि त्यातली शेवटची पाच एकाच संघात. करारात तशी अट घालून घेणारे बडे खेळाडू वेगळे. २५ वर्षांच्या ब्लेडेकडे आणि २७ वर्षांच्या पककडे यातले काहीच नव्हते. बदली झाली की नवे शहर, नवे प्रशिक्षक आणि आपल्या जुन्या क्रमांकाची पाठलाग करणारी बातमी.

शेवटी फायदा कोणाला झाला?

आधी मायामीला. २०२३ मध्ये पकने १५ सामन्यांत अखेरपर्यंत आघाडी राखली आणि ८४ विजय मिळवून संघ प्लेऑफमध्ये पोहोचला. मग मोह झाला. २०२४ मध्ये पकला पुन्हा सुरुवातीचा पिचर केले. चार सामने, चारही पराभव. जुलैत त्याला ॲरिझोनाला देऊन मायामीने दोन नवे होतकरू घेतले. तिथे पुन्हा रिलिव्हर झालेल्या पकने हंगामाच्या उरलेल्या काळात नऊ डावांमागे दीड धावही दिली नाही. ओकलंडमध्ये ब्लेडे पहिल्या वर्षी .१९५ वर अडकला, पण संघाने त्याला खेळवत ठेवले. २०२४ मध्ये १५९ सामने, २० होम रन. असे वाटले की सौदा फळाला आला. मे २०२५ मध्ये त्याची रवानगी पुन्हा मायनर लीगमध्ये झाली, आणि त्याच उन्हाळ्यात पकच्या कोपरावर पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागली.

मोनियाकच्या वाट्याला तर अदलाबदलही आली नाही. फिलाडेल्फियाने २०२२ मध्ये त्याला एंजल्सला दिले होते. मार्च २०२५ मध्ये एंजल्सने त्याला काही न घेता सोडून दिले. २०१६ चा हा पहिला क्रमांक तेव्हा कोणालाही मिळू शकत होता. कोलोरॅडो रॉकीजने त्याला घेतले. त्या हंगामात त्याने २४ होम रन मारले.