‘लॉस्ट’च्या शेवटाने प्रेक्षक का दुभंगले?

अमेरिकेत २३ मे २०१० रोजी, रविवारी रात्री, ‘एबीसी’ वाहिनीने आपली जवळजवळ संपूर्ण संध्याकाळ एकाच मालिकेला देऊन टाकली होती. आधी दोन तासांचे सिंहावलोकन, त्यानंतर जाहिरातींसह अडीच तासांचा अंतिम भाग आणि रात्री उशिरा कलावंतांच्या उपस्थितीत निरोपाचा कार्यक्रम. सप्टेंबर २००४ मध्ये सुरू झालेली ‘लॉस्ट’ ही मालिका त्या रात्री संपली. ‘द एंड’ असे साधे नाव असलेला तो भाग अमेरिकेत सुमारे १ कोटी ३५ लाख प्रेक्षकांनी पाहिला. भाग संपला तेव्हा त्यांतील काहींच्या डोळ्यांत पाणी होते, तर काही संतापलेले होते. विशेष म्हणजे संतापलेल्यांपैकी अनेकांनी शेवटाचा जो अर्थ लावला होता, तो कथेत नव्हताच! हा गोंधळ कसा झाला आणि गैरसमज दूर झाल्यावरही नाराजी का उरली, हे समजून घेण्यासारखे आहे.

कोड्यांचे बेट

मालिकेची सुरुवात विमान अपघाताने होते. सिडनीहून लॉस एंजेलिसला निघालेले ओशनिक कंपनीचे ८१५ क्रमांकाचे विमान पॅसिफिक महासागरातील एका अज्ञात बेटावर कोसळते. पहिल्याच दृश्यात बांबूच्या बनात पडलेल्या जॅक शेफर्ड या शल्यविशारदाचा डोळा उघडतो. समुद्रकिनाऱ्यावर वाचलेले ४८ प्रवासी सुटकेची वाट पाहू लागतात. हवाई बेटांवर चित्रित झालेल्या या पहिल्या भागासाठी एक खरे प्रवासी विमान मोडून त्याचे अवशेष किनाऱ्यावर मांडण्यात आले होते. तो भाग सुमारे १ कोटी ८६ लाख प्रेक्षकांनी पाहिला आणि पुढल्याच वर्षी, २००५ मध्ये, मालिकेला सर्वोत्कृष्ट नाट्यमालिकेचा ‘एमी’ पुरस्कार मिळाला.

या यशाचे मर्म कोड्यांत होते. उष्ण कटिबंधातील बेटावर ध्रुवीय अस्वल कोठून आले? सोळा वर्षे सतत प्रक्षेपित होणारा फ्रेंच भाषेतील संदेश कोणाचा? जमिनीत पुरलेल्या पोलादी झडपेखाली काय आहे? तेथे दर १०८ मिनिटांनी एक कळ का दाबावी लागते? ४, ८, १५, १६, २३ आणि ४२ हे आकडे पुन्हा पुन्हा का दिसतात? या आकड्यांची बेरीजही १०८ होते. प्रत्येक भाग एका प्रश्नाचे अर्धे उत्तर देई आणि दोन नवे प्रश्न उभे करी. आठवडाभर प्रेक्षक त्यावर तर्क लढवीत. ‘लॉस्ट’ पाहणे म्हणजे केवळ मालिका पाहणे नव्हते, तर एका सामुदायिक शोधात सहभागी होणे होते. २०१० च्या जानेवारीत अमेरिकी अध्यक्षांचे वार्षिक भाषण आणि अखेरच्या पर्वाचा पहिला भाग एकाच दिवशी येणार, अशी हूल उठली तेव्हा तसे होणार नाही, असा खुलासा चक्क व्हाइट हाउसच्या प्रवक्त्याला करावा लागला होता.

अखेरच्या पर्वाचा चकवा

पाचव्या पर्वापर्यंत कथा विज्ञानकथेच्या अंगाने बरीच पुढे गेली होती. बेटावरील प्रचंड विद्युतचुंबकीय शक्ती, कालप्रवास, डॅनियल फॅराडे नावाचा भौतिकशास्त्रज्ञ अशी तिची सामग्री होती. पाचव्या पर्वाच्या शेवटी काही पात्रे १९७७ सालात जाऊन पोहोचलेली असतात. हायड्रोजन बॉम्बचा स्फोट घडवला तर पुढचा सारा इतिहास पुसला जाईल आणि विमान कोसळणारच नाही, असा त्यांचा हिशेब असतो. पडदा पांढरा होतो आणि पर्व संपते.

२ फेब्रुवारी २०१० रोजी सहावे पर्व सुरू झाले, ते विमान कोसळतच नसल्याच्या दृश्याने. त्याच वेळी बेटावरील कथाही सुरूच होती. साहजिकच प्रेक्षकांनी निष्कर्ष काढला की, बॉम्बमुळे काळाचे दोन प्रवाह झाले आहेत आणि अखेरीस ते कोठेतरी एकत्र येतील. अंतिम भागापर्यंत हा समज जपला गेला, किंबहुना जोपासला गेला.

अंतिम भागात तो मोडून पडतो. जॅक वडिलांच्या अंत्यविधीसाठी एका प्रार्थनास्थळात येतो. शवपेटी रिकामी असते आणि वडील ख्रिश्चन त्याच्यासमोर उभे असतात. त्या संवादातून उलगडते ते असे, की हे दुसरे जग म्हणजे काळाचा वेगळा प्रवाह नसून मृत्यूनंतरचे एक भेटीचे ठिकाण आहे. सगळीच माणसे कधी ना कधी मरतात, काही जॅकच्या आधी, काही त्याच्यानंतर कितीतरी वर्षांनी. आयुष्यातील सर्वांत महत्त्वाचा काळ ज्यांच्या सोबतीने घालवला, त्यांना पुन्हा शोधून एकत्र पुढे जाण्यासाठी त्यांनीच हे ठिकाण निर्माण केले आहे. इकडे बेटावर जखमी जॅक त्याच बांबूच्या बनात आडवा होतो, सोबत्यांना घेऊन जाणारे विमान आकाशात पाहतो आणि त्याचा डोळा मिटतो.

म्हणजे बेटावर जे घडले ते सगळे खरेच घडले होते. केवळ सहाव्या पर्वातील ‘दुसरे जग’ मरणोत्तर होते. ख्रिश्चनच्या तोंडी हे पुरेसे स्पष्टपणे आलेले आहे. तरीही असंख्य प्रेक्षकांची समजूत झाली ती अशी, की सर्व प्रवासी पहिल्याच दिवशी अपघातात मेले होते आणि सहा वर्षे आपण मृतांची कहाणी पाहत होतो.

चार निःशब्द दृश्ये

या समजुतीला दोन कारणे होती. पहिले जुने होते. बेट म्हणजे पापक्षालनासाठी आत्म्यांना थांबावे लागते ती जागा, असा तर्क पहिल्या पर्वापासूनच लढवला जात होता. निर्माते-लेखक डेमन लिंडेलॉफ आणि कार्लटन क्यूज यांनी तो वारंवार फेटाळला होता. शेवटी मरणोत्तर जग समोर येताच अनेकांना वाटले, की आपला पहिला तर्कच बरोबर होता आणि आपल्याशी खोटे बोलले गेले.

दुसरे कारण अगदी क्षुल्लक आणि तितकेच बोलके आहे. जॅकचा डोळा मिटल्यानंतर श्रेयनामावली सुरू झाली, तेव्हा पडद्यावर विमानाच्या अवशेषांची दृश्ये दिसत होती. निर्जन किनारा, लाटांचा आवाज आणि माणूस मात्र एकही नाही. ही दृश्ये कथेचा भाग नव्हती. अशा भावपूर्ण शेवटानंतर लगेच बातम्या सुरू होऊ नयेत, प्रेक्षकांना क्षणभर उसंत मिळावी, एवढाच वाहिनीचा हेतू होता. तसा खुलासाही वाहिनीने पुढे केला.

परंतु सहा वर्षे या प्रेक्षकांना काय शिकवले गेले होते? भिंतीवरचे चित्र, पुस्तकाचे नाव, कोपऱ्यातला आकडा, यांतले काहीही निरर्थक नसते, हेच ना? अशा प्रेक्षकांनी माणसांविना दिसणाऱ्या अवशेषांतही संकेत शोधला, यात त्यांचा दोष म्हणता येणार नाही. मार्च २०१४ मध्ये, मालिकेच्या दशकपूर्तीनिमित्त झालेल्या कार्यक्रमातही लिंडेलॉफ आणि क्यूज यांना ‘ते आधीपासून मेलेले नव्हते’ हे पुन्हा सांगावे लागले.

गैरसमजापलीकडची नाराजी

शेवट नीट समजलेल्यांपैकीही अनेक जण असमाधानी राहिले आणि त्यांचे म्हणणे सहज उडवून लावण्यासारखे नाही. वॉल्ट या मुलाच्या अंगी कोणती शक्ती होती, यांसारखे प्रश्न अर्धवट राहिले. आकड्यांचे आणि बेटाच्या मूळ शक्तीचे जे उत्तर आले, ते विज्ञानाऐवजी पुराणकथेच्या भाषेत आले. बेटाच्या गाभ्यात एक तेजस्वी प्रकाश आहे आणि तो विझू द्यायचा नाही, एवढेच कळले. ज्यांना समीकरण हवे होते, त्यांच्या हाती रूपक पडले.

लेखकांची बाजूही समजून घेतली पाहिजे. अमेरिकेत लोकप्रिय मालिका वाहिनीला हवी तोवर चालते. शेवट कधी करायचा हे माहीत नसल्याने तिसऱ्या पर्वात कथा रेंगाळू लागली होती. जॅकच्या अंगावरील गोंदणाची कहाणी सांगण्यात एक अख्खा भाग खर्ची पडला. पुढे लिंडेलॉफ यांनी याच भागाकडे बोट दाखवून, शेवटाची तारीख ठरवणे का आवश्यक होते, हे सांगितले. मे २००७ मध्ये वाहिनीने ४८ भागांनंतर, २०१० मध्ये, मालिका संपेल असे जाहीर केले. तोवर मात्र प्रश्नांची संख्या उत्तरांच्या आवाक्याबाहेर गेली होती.

मालिकेची दिशा अगदीच लपलेली होती, असेही नाही. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागाचे नावच ‘विज्ञानाचा माणूस, श्रद्धेचा माणूस’ अशा अर्थाचे होते. बेटावर संशोधन करणाऱ्या संस्थेचे नाव होते ‘धर्मा’, आणि तिच्या माहितीपटांतील शास्त्रज्ञ ‘नमस्ते’ म्हणून अभिवादन करीत. अंतिम भागात जॅक आणि वडील भेटतात त्या खोलीच्या रंगीत काचेच्या खिडकीवर क्रूस, चांद-तारा, डेव्हिडचा तारा, धम्मचक्र आणि यिन-यांगसोबत ॐ हे चिन्हही आहे. गेलेल्या जीवांनी पुढच्या प्रवासाआधी एखाद्या मधल्या मुक्कामी थांबावे, ही कल्पना भारतीय मनाला नवी नाही. पण कालप्रवासाचे गणित मांडून बसलेल्या प्रेक्षकाला ती वाट चुकल्यासारखी वाटली.

याआधीही असे घडले होते. ब्रिटनमधील ‘द प्रिझनर’ या मालिकेचा अंतिम भाग फेब्रुवारी १९६८ मध्ये दाखवला गेला. सतरा भाग ज्याची प्रतीक्षा होती, त्या ‘क्रमांक एक’चा मुखवटा निघाला आणि आत नायकाचाच चेहरा दिसला. तक्रारींचा असा वर्षाव झाला की, आपल्याला काही काळ लपून राहावे लागले, असे नायक आणि लेखक-दिग्दर्शक पॅट्रिक मॅकगुहान सांगत. आज तोच भाग दूरचित्रवाणीच्या इतिहासातील धाडसी प्रयोग म्हणून वाखाणला जातो.

कोडे आणि गूढ

या वादाच्या मुळाशी एक जुना भेद आहे. कोडे सुटते आणि सुटले की संपते. गूढ उकलत जाते, पण संपत नाही. ‘लॉस्ट’ने सहा वर्षे कोड्याची रीत वापरून प्रेक्षक जमवले आणि शेवट मात्र गूढाच्या रीतीने केला. पात्रांवर जीव जडलेल्यांना तो शेवट पुरला, कारण जॅक, केट, सॉयर, हर्ली यांचे काय झाले, हे त्यांना कळले. उत्तरांसाठी थांबलेल्यांना तो पुरला नाही. ऑगस्ट २०१० मध्ये डीव्हीडीसोबत आलेल्या सुमारे बारा मिनिटांच्या पुरवणी भागाने ध्रुवीय अस्वलांसारख्या काही प्रश्नांची उत्तरे दिली, पण तोवर मते बनून गेली होती.

जुलै २०२४ पासून ही मालिका अमेरिकेत ‘नेटफ्लिक्स’वरही दिसू लागली. आता नवा प्रेक्षक सहा पर्वे काही आठवड्यांत पाहून संपवू शकतो. त्याच्यापाशी दोन भागांमधला आठवडा नाही आणि दोन पर्वांमधले कित्येक महिनेही नाहीत. २०१० च्या प्रेक्षकाने तो रिकामा काळ स्वतःच्या तर्कांनी भरला होता आणि शेवटाकडून तो त्या तर्कांचाही हिशेब मागत होता. तो हिशेब चुकता करणे कोणत्याही लेखकाला कठीणच होते. मात्र प्रेक्षकाला इतके बारकाईने पाहायला शिकवल्यानंतर श्रेयनामावलीमागे काय दिसावे, याचीही काळजी घेणे, एवढे तरी निश्चितच शक्य होते.