भेंडीचे दूरचे सोयरे आणि आपला बांध

भेंडीच्या पानांच्या शिरा पिवळ्या पडू लागल्या की पुढे काय होणार हे आपणांस सांगावयास नको. आधी शिरा, मग सगळे पान आणि शेवटी फळेही पिवळट व राठ होतात. अशा मालाला बाजारात गिऱ्हाईक मिळत नाही. हा हळद्या रोग विषाणूमुळे होतो व पांढरी माशी त्याचा प्रसार करते. रोगट झाड बरे करणारे औषध नाही. पीक लहान असतानाच लागण झाल्यास निम्म्याहून अधिक उत्पन्न हातचे जाते.

दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचा पुसा सावनी हा वाण एकेकाळी देशभर गाजला, तो हा रोग शेतात फारसा दाखवीत नसे म्हणूनच. पुढे त्याची ती ताकद संपली. लागवडीच्या भेंडीत खात्रीची प्रतिकारशक्ती सापडेना. ती मिळाली ‘अ‍ॅबेलमोस्कस मॅनिहॉट’ या भेंडीच्या दूरच्या सोयऱ्यात. परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात (आताचे वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) डॉ. एन. डी. जांभळे व डॉ. वाय. एस. नेरकर यांनी या झाडाचा पुसा सावनीशी संकर केला. दोन वेगळ्या जातींच्या संकरातून येणारी झाडे बहुतांशी वांझ निघतात, म्हणून त्यांचा पुन्हा पुसा सावनीशी संकर करून पिढ्यान्‌पिढ्या निवड करावी लागली. त्यातून १९८५ मध्ये ‘परभणी क्रांती’ हा वाण प्रसारित झाला. या दूरच्या सोयऱ्याने भाजीचे पीक वाचविले, असे म्हणावयास हरकत नाही.

पण विषाणूही बदलत असतो. नंतरच्या वर्षांत अनेक भागांत परभणी क्रांतीवरही हळद्या दिसू लागला. म्हणजे नव्या सोयऱ्यांचा शोध पुन्हा आलाच. आपल्याकडे काळ्या रानात व पडीकात रानभेंडी उगवते, तिला आपण तण म्हणतो. अशा रानटी जातींचे बी गोळा करून जपण्याचे काम राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरो करतो. त्याचे एक प्रादेशिक केंद्र अकोल्याला आहे. तथापि रानातून जात नाहीशी झाली तर शीतपेटीतले बी तेवढे उरते, आणि ते बदलत्या रोगाबरोबर बदलत नाही.

बांधाचे महत्त्व एवढ्यावर संपत नाही. पांढऱ्या माशीच्या पिल्लांत अंडी घालणारी एनकार्सिया नावाची बारीक गांधीलमाशी, क्रायसोपाच्या अळ्या, ढालकिडे आणि कोळी हे आपले बिनपगारी राखणदार होत. प्रौढ गांधीलमाशीला मधुरस लागतो. बांधावरची एकदांडी, कडेला फुलावर आलेली कोथिंबीर किंवा बडीशेप तो पुरविते. एकाच सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधाच्या वारंवार फवारण्या केल्या तर राखणदार आधी मरतात आणि पांढरी माशी उलट वाढते. कापूस पट्ट्यातील शेतकऱ्यांना हा अनुभव नवा नाही.

डोळ्यांना न दिसणारी मंडळी जमिनीत आहेत. अमिबासारखे एकपेशीय प्रजीव जीवाणू खातात आणि त्यांच्यातील जास्तीचे नत्र मुळांजवळ मोकळे करतात. आपण टाकलेल्या शेणखतातील नत्र पिकाला मिळते त्यात त्यांचाही वाटा असतो. मात्र या गोतावळ्यात सगळेच सज्जन नाहीत. बाजरीचे कणीस पानांच्या गुच्छासारखे करणारा गोसावी रोग आपण बुरशीजन्य म्हणतो. पण त्याचा कारक जीव खऱ्या बुरशीपेक्षा शेवाळवर्गाला जवळचा आहे. म्हणूनच त्यावर मेटॅलॅक्झिलसारखे वेगळे औषध बीजप्रक्रियेसाठी वापरावे लागते.

तेव्हा बांध सरसकट जाळू नये अथवा तणनाशकाने पांढरा करू नये. मात्र पिवळ्या शिरांची रानभेंडी किंवा पेटारी दिसल्यास ती उपटून नष्ट करावी, कारण तेथून रोग पुन्हा पिकात येऊ शकतो. भेंडीतील रोगट झाडेही दिसताच काढावीत. एकरी आठ-दहा पिवळे चिकट सापळे लावावेत व सुरुवातीला ५ टक्के निंबोळी अर्काची फवारणी करावी.

परभणी क्रांती हा सरळ वाण असल्याने त्याचे बी घरी धरता येते. हंगामभर निरोगी राहिलेल्या झाडांना दोरा बांधून ठेवावा आणि त्यांचीच फळे बियाण्यासाठी वाळू द्यावीत. मधमाश्या परागकण दुरून आणतात, म्हणून शेजारच्या संकरित भेंडीपासून बियाण्याचा तुकडा लांब घ्यावा. शेजाऱ्याशी पेरणीपूर्वीच बोलून घेतले तर अधिक बरे.