संगणकाला कोण जागे करते?

संगणकाचे बटण दाबल्यापासून पडद्यावर तुमचे नाव विचारले जाईपर्यंत काही सेकंद जातात. तेवढ्या वेळात आत काय चालते, याचा विचार तुम्ही कधी केला आहे काय? या काही सेकंदांच्या कामावरूनच लिनक्सच्या जगात मोठा वाद पेटला होता.

लिनक्स ही कोणालाही विनामूल्य घेता येणारी, उघडून पाहता येणारी व बदलता येणारी कार्यप्रणाली आहे. तिच्या गाभ्याला कर्नेल म्हणतात. बटण दाबल्यावर काही क्षणांत कर्नेल स्मृतीत येतो, यंत्राचे भाग ओळखतो आणि मग एक आज्ञावली सुरू करतो. तिचा क्रमांक १. तुम्ही वापरता त्या साऱ्या आज्ञावल्यांची ही मूळ जननी. ती मध्येच बंद पडली, तर कर्नेल सगळेच काम थांबवतो.

पूर्वी हे काम ‘इनिट’ नावाची लहानशी आज्ञावली करी. तिच्याजवळ क्रमवार यादी असे : आधी हे सुरू करा, ते झाले की पुढचे. एखादा शिपाई शाळेतील एकेक खोली उघडतो आणि तेथील कारकून येऊन बसेपर्यंत पुढच्या खोलीकडे जात नाही, तसेच हे. शिवाय सुरू केलेली सेवा नंतर बंद पडली, तर इनिटला बहुधा त्याचा पत्ताही नसे.

२०१० साली लेनार्ट पॉटरिंग या ‘रेड हॅट’ कंपनीतील तंत्रज्ञाने ‘सिस्टिमडी’ ही नवी पद्धत मांडली. तिची युक्ती सोपी आहे. प्रत्येक खोलीच्या दाराला आधीच टपालपेटी लावून ठेवायची आणि सर्व कारकुनांना एकदमच बोलवायचे. कारकून यायचा असला, तरी त्याच्या नावाचे पत्र पेटीत टाकता येते. संगणकात या पेट्या कर्नेल सांभाळतो. त्यामुळे अनेक सेवा एकाच वेळी सुरू होऊ शकतात. शिवाय बंद पडलेली सेवा पुन्हा सुरू करण्याचे कामही सिस्टिमडी करते.

मग वाद कशाचा? युनिक्सच्या परंपरेत एका आज्ञावलीने एकच काम करावे व ते नीट करावे, असे मानतात. सिस्टिमडीने मात्र नोंदी ठेवणे, वापरणाऱ्यांची ये-जा सांभाळणे अशी अनेक कामे आपल्याकडे घेतली. पूर्वी साध्या अक्षरांत असलेल्या नोंदी आता खास साधनाखेरीज वाचता येईनात. जिच्यावर सारा डोलारा उभा आहे, तिच्यावरच इतका भार का, असा विरोधकांचा प्रश्न होता. समर्थक म्हणत, ही कामे कोणाला तरी करावीच लागतात. ती एकत्र जुळवून केलेली बरी.

२०११ मध्ये ‘फेडोरा’ने नवी पद्धत स्वीकारली. ‘डेबियन’मध्ये मात्र खडाजंगी झाली. डेबियन स्वयंसेवक चालवतात आणि तिच्या आधारे इतर अनेक प्रणाली तयार होतात. आपल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही त्यांपैकीच एक. फेब्रुवारी २०१४ मध्ये डेबियनच्या ८ जणांच्या तांत्रिक समितीत मते पडली : सिस्टिमडीला ४ आणि ‘अपस्टार्ट’ या दुसऱ्या नव्या पद्धतीला ४! अखेर अध्यक्ष बडेल गार्बी यांच्या निर्णायक मताने सिस्टिमडीची निवड झाली. काही दिवसांतच ‘उबुंटू’नेही तोच मार्ग धरला.

हरलेल्यांनी काय केले? त्यांच्यापैकी काहींनी डेबियनचीच प्रत घेऊन सिस्टिमडीविना चालणारी ‘देवुआन’ ही प्रणाली उभारली. तिची पहिली पक्की आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. आज बहुतेक मोठ्या लिनक्स प्रणाली सिस्टिमडी वापरतात, तरी देवुआनही चालू आहे. निर्णय एका बाजूने लागला, तरी दुसऱ्या बाजूची वाट बंद झाली नाही. मुक्त आज्ञावलीचे खरे सामर्थ्य ते हेच.

तुमच्या शाळेत लिनक्सचा संगणक असेल, तर चालू आज्ञावल्यांची यादी शिक्षकांच्या मदतीने उघडा. क्रमांक १ समोर कोणाचे नाव दिसते, ते पाहा. आणि वर्गात चर्चा करा : सर्व कामे एका कुशल हाती द्यावीत, की अनेकांत वाटावीत?