भाजीपाल्याच्या पिवळ्या रोपांना सेंद्रिय फवारणीचा आधार

मृगाचा पाऊस पडला की अमळनेर तालुक्यात गादीवाफ्यांवर वांगी, मिरची, टोमॅटो यांचे बी पडते. पाच-सहा आठवड्यांत रोपे लागणीस तयार व्हावयाची असतात. परंतु पुष्कळदा तिसऱ्याच आठवड्यात वाफा पिवळा पडू लागतो. पुन्हा बी टाकावे तर हंगाम मागे पडतो, विकतची रोपे आणावीत तर खर्च वाढतो. या घाईत मूठभर युरिया वाफ्यावर फेकला जातो आणि दुखण्यापेक्षा उपायच महागात पडतो.

पिवळेपणा कोणत्या पानापासून सुरू झाला, हे प्रथम पाहावयास हवे. खालची, जुनी पाने सरसकट फिकट झाली असतील तर ती नत्राची उणीव होय. नत्र हे रोपात फिरते अन्नद्रव्य असल्याने जुन्या पानांतून ते कोवळ्या शेंड्याकडे जाते. याउलट शेंड्याची पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा मात्र हिरव्या, असे दिसले तर लोहाची कमतरता समजावी.

बोरी आणि तापीच्या खोऱ्यातील काळ्या जमिनीत हा दुसरा प्रकार विशेष आढळतो. बेसाल्ट खडकापासून बनलेल्या या जमिनीत लोहाला तोटा नाही. परंतु जेथे चुनखडी अधिक आणि सामू आठच्या आसपास असतो, तेथे ते मुळांना मिळत नाही. आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार, असे आपण म्हणतो. येथे आड भरलेला असूनही पोहरा रिकामाच वर येतो! वाफ्यात पाणी साचले तर अडचण आणखी वाढते. म्हणून फवारणीपूर्वी पाण्याचा निचरा करणे हा पहिला उपाय होय. पानांवाटे दिलेले अन्न जमिनीतील हा अडथळा टाळते, आणि फवारणीचे खरे मोल यातच आहे.

नत्राच्या उणिवेसाठी गोमूत्र घरचेच औषध आहे. त्यात सुमारे एक टक्का नत्र असते, तेही बहुतांशी युरियाच्या रूपात. त्यामुळे न मिसळता फवारल्यास कोवळी पाने करपतात. एक लिटर गोमूत्र वीस लिटर पाण्यात मिसळून, दुहेरी फडक्यातून गाळून वापरावे. अशा एका पंपभर द्रावणात नत्र जेमतेम दहा ग्रॅम असते. ही रोपांची शिदोरी नव्हे, तात्पुरता आधार आहे. वाफ्यात चांगले कुजलेले शेणखत हवेच.

गांडूळपाणी, म्हणजेच व्हर्मीवॉश, याहून सौम्य असते. तळाशी विटांचे तुकडे व वाळू, त्यावर माती, शेण, पालापाचोळा आणि गांडुळे असे थर तोटी लावलेल्या पिंपात देऊन वरून थेंबथेंब पाणी सोडले की तोटीतून ते मिळते. एक भाग गांडूळपाण्यात दहा भाग पाणी घालावे.

लोहाची उणीव मात्र केवळ या द्रवांनी भरून निघेलच असे नाही. त्यासाठी लिटरभर पाण्यात दोन ग्रॅम फेरस सल्फेट आणि थोडा लिंबाचा रस घालून ताजे द्रावण फवारावे. गरज सिद्ध झाल्यास सूक्ष्म अन्नद्रव्यांचा असा मर्यादित वापर सेंद्रिय शेतीच्या राष्ट्रीय मानकांतही मान्य आहे. प्रमाणित शेतकऱ्यांनी प्रमाणन संस्थेची संमती आधी घ्यावी. लोह एका पानातून दुसऱ्या पानात सहसा जात नाही. म्हणून नवी पाने फुटल्यावर, आठ-दहा दिवसांनी, पुन्हा फवारणी लागते.

कोणतीही फवारणी सायंकाळी, ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूसही पोहोचेल अशी बारीक तुषारांत करावी. प्रथम दोन ओळींवर करून दोन दिवस वाट पाहावी आणि पाने करपली नाहीत तरच पुढे जावे. एवढा संयम पाळला तर पुढचे नुकसान टळते.

हिवाळी वाफ्यात पानांच्या खालच्या बाजूला जांभळट छटा दिसली तर बहुधा थंडीमुळे मुळांना स्फुरद घेता येत नसते. रात्री वाफा झाकल्याने जे साधते ते फवारणीने साधत नाही. तसेच मिरची किंवा टोमॅटोची पाने आकसून वळली असतील आणि खाली पांढरी माशी किंवा फुलकिडे असतील, तर ते बहुधा चुरडा-मुरड्याचे लक्षण असते, भुकेचे नव्हे. अशी रोपे उपटून नष्ट करावीत आणि उरलेल्या वाफ्यावर कीडरोधक जाळी टाकावी.